नामांकनाच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?

निवडणुकांच्या राजकारणात उमेदीची वर्षे घालविलेल्या कार्यकर्त्याला एक गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही. मतदानाच्या दिवशी मतदार राजा असतो. परंतु ज्या चार-पाच नावांतून त्याला निवड करावयाची असते ती नावे त्याने ठरविलेली नसतात. ती आधीच ठरतात, बंद दाराआड, तिकीटवाटपाच्या बैठकीत. तिकीट ज्याच्या हाती, अर्धी निवडणूक त्याच्या हाती. उमेदवारी ही मतापेक्षा मोठी होऊन बसली, हे दुखणे समाजवादी पक्षांनी स्वतःच्या घरातही भोगले आहे.

चित्रपटांच्या दुनियेत तिकीट या शब्दाचा अर्थ निराळा असला तरी नियम तोच आहे. दरवर्षी डिसेंबर उजाडला की अमेरिकेतील शहरोशहरींच्या चित्रपट-समीक्षकांच्या संघटना वर्षातील उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट-नटी यांची नामांकने जाहीर करू लागतात. महिनाभर याद्यांचा पाऊस पडतो. या संघटना सरकारी नाहीत, निर्मात्यांच्या नाहीत. त्या स्वतंत्र बुद्धीच्या समीक्षकांच्या आहेत, असे मानले जाते. आपल्या देशातही हाच साचा आला आहे आणि मराठी चित्रपटही त्यात ओतला जाऊ लागला आहे. म्हणून हा साचा मुळात कसा चालतो, तो कोणासाठी चालतो, आणि त्यात समीक्षकाचे स्थान नेमके कोणते, याचा विचार महाराष्ट्रातील कार्यकर्त्यानेही करणे अगत्याचे आहे.

प्रदेशाच्या नावाने

न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतील समीक्षकांनी १९३५ मध्ये आपले मंडळ स्थापन केले. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांची संघटना १९७५ ची, बोस्टनची १९८१ ची, शिकागोची १९९० ची. त्यानंतर बहुतेक मोठ्या शहरांत व प्रांतांत अशा संघटना निघाल्या. त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना चांगलीच होती. ऑस्करचे पारितोषिक देणारी अकादमी ही चित्रपट बनविणाऱ्यांचीच संस्था. म्हणजे दुकानदारांनी दुकानदारांना दिलेले प्रशस्तिपत्र. समीक्षक हा त्या धंद्याच्या बाहेरचा. त्याचे मत हे त्याच्या वाचकाच्या वतीने दिलेले मत. शिकागोचा समीक्षक शिकागोच्या वाचकाला बांधलेला, बोस्टनचा बोस्टनच्या. प्रदेश निराळा, जीवन निराळे, तेव्हा निवडही निराळी व्हावी, ही अपेक्षा.

प्रत्यक्षात काय घडते? डझनभर शहरांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर शहराचे नाव झाकल्यावर कोणती यादी कोठली हे ओळखणे कठीण जाते. तेच आठ-दहा चित्रपट, तीच नावे, क्रम तेवढा मागेपुढे. हजारो मैलांच्या अंतरावर, निरनिराळ्या हवापाण्यात राहणाऱ्या माणसांची अभिरुची एकाएकी इतकी जुळावी, हा योगायोग मानण्याइतका भाबडेपणा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परवडणारा नाही.

यात कोणाचे गुप्त कारस्थान असते असेही नाही. कारण साधे व उघड आहे. समीक्षक निवड करतो ती पुरवठ्यातून, आणि पुरवठा वितरकाच्या हाती असतो. ऑस्करसाठी पात्र ठरण्यास चित्रपट अमेरिकेतील सहा ठरावीक महानगरी क्षेत्रांपैकी एकात सलग सात दिवस चित्रपटगृहात चालला की पुरते. ज्या चित्रपटांवर पारितोषिकांसाठी पैसा लावायचा ते वितरक वर्षाच्या अखेरीस या महानगरांत आणतात, आणि उरलेल्या देशाला ते जानेवारी-फेब्रुवारीत दिसतात. पण समीक्षकांना ते आधीच दाखविले जातात. खास खेळ होतात, घरपोच प्रती किंवा सांकेतिक दुवे येतात. परिणाम असा की, लहान शहरातला समीक्षक डिसेंबरात अशा चित्रपटांना नामांकन देतो जे त्याच्या वाचकाला त्या दिवशी पाहताच येत नाहीत. वाचकाच्या वतीने मत देणारा हा प्रतिनिधी वाचकाच्याही आधी वितरकाला भेटून आलेला असतो. ज्या चित्रपटाच्या वितरकापाशी प्रती वाटण्याइतका पैसा नाही, किंवा ज्याला वितरकच मिळालेला नाही, त्याच्यावर अन्याय झाला असे कोणाच्या मनातही येत नाही. तो यादीत नसतो कारण तो टेबलावरच आलेला नसतो.

मग प्रदेशाचे काय होते? प्रदेशासाठी यादीच्या अखेरीस एखादे खास पारितोषिक ठेवलेले असते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील समीक्षकांचे जीन वायट पारितोषिक दक्षिणेचे अंतरंग दाखविणाऱ्या चित्रपटाला असते. राजधानी वॉशिंग्टनच्या समीक्षकांचे जो बार्बर पारितोषिक त्या शहराच्या चित्रणाला. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील समीक्षकांचे मार्लन रिग्ज पारितोषिक तेथील चित्रकर्मींना. या पारितोषिकांमागील भावना प्रामाणिक आहे यात शंका नाही. पण पंगत उठल्यावर ओसरीवर वाढलेल्या ताटासारखे त्यांचे स्थान आहे. मुख्य पंगतीत प्रदेश नाही. संघटनेच्या नावात प्रदेश आहे, यादीत भांडवल आहे.

एका मताच्या दोन बातम्या

आता नामांकन या प्रकाराकडेच पाहू. न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसचे समीक्षक नामांकने जाहीर करीत नाहीत. ते एकत्र बसतात, फेऱ्या-फेऱ्यांनी मतदान करतात आणि थेट निकाल सांगतात. शिकागो, सॅन डिएगो आदी शहरांतील संघटना मात्र आधी नामांकने आणि काही दिवसांनी निकाल अशी दोन पावले टाकतात. कलेच्या मूल्यमापनाला या दोन पावलांची गरज कोणती? चित्रपट तेच, समीक्षक तेच. गरज आहे ती प्रसिद्धीची. पंधरा-वीस विभाग आणि प्रत्येकात पाच-सहा नावे धरली तर एका संध्याकाळी शंभराच्या घरात नावे ‘नामांकित’ होतात. निकालात पंधरा-वीसजणच विजयी व्हायचे. पण नामांकित हे बिरुद उरलेल्या सर्वांना जन्मभर पुरते. दुसऱ्या दिवशीच्या जाहिरातीवर ते झळकते.

या जाहिरातीसाठी वितरकाने समीक्षकाला काय दिले? काही नाही. समीक्षकाने रात्री जागून चित्रपट पाहिले, तौलनिक विचार केला, मत दिले. त्या श्रमाचा जो माल तयार झाला तो वितरकाच्या पदरी फुकट पडला आणि त्याचे मूल्य तिकीटबारीवर वसूल झाले. मजुराच्या श्रमातून वरकड मूल्य कसे निघते हे कार्यकर्त्यांच्या शिबिरांत पिढ्यान् पिढ्या शिकविले गेले. येथे तर मजुरीही द्यावी लागत नाही. उलट मजुरालाच आपण परीक्षक असल्याचा मान वाटतो.

या व्यवहाराचे टोक गाठले ते गोल्डन ग्लोब पारितोषिकांनी. ती देणारी संघटना समीक्षकांची नव्हती, हॉलिवूडमधील परदेशी पत्रकारांची होती. पण तत्त्व तेच. २०२१ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने उघडकीस आणले की तिच्या ८७ सदस्यांत एकही कृष्णवर्णीय नाही, आणि २०१९ मध्ये एका मालिकेच्या चित्रीकरणानिमित्त तिच्या तीसहून अधिक सदस्यांना पॅरिसच्या पंचतारांकित हॉटेलात पाहुणचार घडला होता. त्या मालिकेला पुढे नामांकने मिळाली. गदारोळ झाला, दूरचित्रवाणी कंपनीने २०२२ चा समारंभ दाखविण्यास नकार दिला, आणि २०२३ मध्ये संघटना विसर्जित झाली. येथवर ऐकून एखाद्याला वाटेल, न्याय झाला. परंतु पारितोषिके विसर्जित झाली नाहीत. ती विकली गेली. ज्या कंपन्यांनी ती घेतली त्यांच्या भागीदारीत पेन्स्की मीडिया आहे, आणि ‘व्हरायटी’, ‘डेडलाईन’ ही चित्रपटधंद्याची पत्रे तिचीच. पारितोषिकांच्या हंगामात निर्मात्यांच्या प्रचाराच्या जाहिराती याच पत्रांत छापल्या जातात. म्हणजे शर्यत त्यांची, आणि शर्यतीच्या मैदानावरील जाहिरातीचे फलकही त्यांचेच. व्यक्तीचा भ्रष्टाचार उघड झाला की तो मालकीच्या रचनेत मुरवून टाकावयाचा, ही भांडवलशाहीची जुनी रीत आहे.

समीक्षकांची मते एकत्र करून चित्रपटाला शेकडा गुण देणारे ‘रॉटन टोमॅटोज’ हे संकेतस्थळही २०१६ मध्ये कोणी विकत घेतले? ‘फँडँगो’ने, म्हणजे चित्रपटांची तिकिटे विकणाऱ्या कंपनीने. गुणपत्रिका छापणाराच वह्या-पुस्तके विकू लागला तर त्या गुणपत्रिकेचे काय करावे, हे पालकांना सांगावे लागत नाही.

समीक्षकाचे पोट

या सर्वाचा दोष समीक्षकाच्या चारित्र्यावर टाकून मोकळे होणे सोपे आहे, आणि नीतीचे पाठ देणारी मंडळी तेच करतात. समाजवादी विचाराला ते शोभणारे नाही. माणसाची वृत्ती तपासण्यापूर्वी त्याच्या पोटाची व्यवस्था तपासावी.

अमेरिकेत २००५ पासून एक तृतीयांशाहून अधिक वृत्तपत्रे बंद पडली. ज्या जिल्ह्याच्या पत्राचा समीक्षक पगारावर होता, ते पत्रच उरले नाही. जी उरली त्यांच्या मालकांनी पहिली कात्री चालविली ती कला-साहित्याच्या पानांवर. कालचा पगारदार समीक्षक आज लेखामागे मानधन घेणारा सुटा कारागीर झाला आहे. पूर्वी त्याचे तिकीट त्याचे वृत्तपत्र काढीत असे; आज खेळाचे निमंत्रण वितरकाकडून येते. निमंत्रण थांबले तर लेख थांबला, लेख थांबला तर चूल थांबली. अशा माणसाने एकट्याने बाणेदारपणा दाखवावा, ही अपेक्षा बाळगणे म्हणजे कंत्राटी मजुराला एकट्याने संप करण्यास सांगण्यासारखे आहे. तो एकटा काही करू शकत नाही. प्रश्न असा, की तो संघटित झाला तर काय करू शकतो?

नकाराचा इतिहास

या प्रश्नाचे उत्तर याच समीक्षक-संघटनांच्या इतिहासात आहे, आणि ते नामांकनांच्या याद्यांपेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

१९४१ साली ओरसन वेल्स यांचा ‘सिटिझन केन’ आला. त्यातील वृत्तपत्रसम्राटाचे पात्र विल्यम रँडॉल्फ हर्स्ट या खऱ्या वृत्तपत्रसम्राटावर बेतले होते, हे कोणाला सांगावे लागले नाही. हर्स्टच्या वृत्तपत्रांनी या चित्रपटाची जाहिरातही घेतली नाही. अनेक चित्रपटगृहे बिचकली. ऑस्करसाठी त्याला नऊ नामांकने मिळाली, पारितोषिक मिळाले एकच, पटकथेचे. न्यूयॉर्कच्या समीक्षकांनी मात्र त्यालाच वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविले. वृत्तपत्रांत नोकरी करणाऱ्या माणसांनी वृत्तपत्रांच्या धनाढ्य मालकावरील चित्रपटाची अशी कदर केली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१९८५ मध्ये टेरी गिलियम यांचा ‘ब्राझील’ हा नोकरशाहीच्या राक्षसी यंत्रावरील चित्रपट युनिव्हर्सल कंपनीने अडवून धरला होता. तो कापून, गोड शेवट जोडून दाखवावा असा कंपनीचा हट्ट. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी तो खासगी रीतीने पाहिला आणि प्रदर्शित न झालेल्या त्या चित्रपटाला वर्षातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे, दिग्दर्शनाचे व पटकथेचे पारितोषिक देऊन टाकले. कंपनीची पंचाईत झाली. डिसेंबर १९८५ मध्येच तो चित्रपट न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसमध्ये लागला. वितरकाने टेबलावर न ठेवलेले ताट समीक्षकांनी स्वयंपाकघरात जाऊन बाहेर आणले, असेच याचे वर्णन करावे लागेल.

२००३ मध्ये बड्या कंपन्यांच्या संघटनेने, चोरट्या प्रतींचे निमित्त करून, पारितोषिकांच्या मतदारांना घरपोच प्रती पाठविण्यावर बंदी घातली. बड्यांचे चित्रपट सर्वत्र लागतातच. बंदीची झळ बसणार होती ती छोट्या निर्मात्यांना. पुढे अकादमीच्या सदस्यांपुरती बंदी शिथिल झाली, समीक्षकांसाठी राहिली. लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी त्या वर्षाची आपली पारितोषिकेच रद्द केली. स्वतंत्र निर्माते न्यायालयात गेले आणि डिसेंबरात न्यायालयाने बंदीला स्थगिती दिली. तेव्हा पारितोषिके पुन्हा जाहीर झाली. निकाल न्यायालयाने दिला हे खरे. परंतु छोट्या निर्मात्यांच्या बाजूला समीक्षक संघटना म्हणून उभे राहिले, हेही तितकेच खरे.

आणि २०१७. ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने अ‍ॅनाहाइम नगरपालिकेचे व डिस्ने कंपनीचे आर्थिक संबंध तपासणारी लेखमाला छापली. रागावलेल्या डिस्नेने त्या पत्राच्या समीक्षकांना आपल्या चित्रपटांच्या आगाऊ खेळांची दारे बंद केली. नगरपालिकेच्या तिजोरीवर लिहिले म्हणून चित्रपटाच्या समीक्षकाला शिक्षा! तेव्हा न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, बोस्टन येथील समीक्षकांच्या संघटना आणि राष्ट्रीय समीक्षक संघटना या चौघींनी संयुक्त पत्रक काढले: बंदी उठेपर्यंत डिस्नेचे चित्रपट आमच्या पारितोषिकांना अपात्र. ७ नोव्हेंबर २०१७ रोजी पत्रक निघाले आणि त्याच दिवशी डिस्नेने माघार घेतली. जगातील सर्वांत बलाढ्य चित्रपट कंपन्यांपैकी एकीला काही डझन लेखकांनी एका दिवसात नमविले, कोणत्या बळावर? देण्याच्या बळावर नव्हे, न देण्याच्या बळावर. गिरणीतला मागवाला हे जाणतो. त्याचे सामर्थ्य तो रोज किती कापड विणतो यात नसते. माग थांबविण्याची त्याची तयारी असते, त्यात असते.

समीक्षकांच्या पारितोषिकाला किंमत येते ती येथून. जी संघटना कधी नाही म्हणत नाही तिच्या होकाराला मोल कसले?

आपल्या अंगणात

भारतात ही परंपरा नवी नाही. बंगालच्या चित्रपट-पत्रकारांची संघटना १९३७ ची. न्यूयॉर्कच्या पाठोपाठ दोनच वर्षांनी. केरळच्या समीक्षकांची पारितोषिके १९७७ पासून आहेत. अलीकडे देशपातळीवर समीक्षकांचा एक गिल्ड स्थापन झाला आणि २०१९ पासून मराठीसह अनेक भाषांतील चित्रपटांना तो पारितोषिके देऊ लागला. समीक्षक एकत्र आले याचे स्वागतच करावयास हवे. परंतु ही पारितोषिके सुरू झाली ती जाहिरातव्यवसायातील एका कंपनीच्या भागीदारीत, हे विसरता येत नाही. जाहिरात हीच ज्या घराची उपजीविका, त्या घराच्या ओट्यावर समीक्षेचे तुळशीवृंदावन किती दिवस हिरवे राहील?

महाराष्ट्रात तर पारितोषिकांचा दुष्काळ कधीच नव्हता. सरकारची आहेत, वृत्तपत्रांची आहेत, वाहिन्यांची आहेत. झी समूहाने ‘सैराट’सारख्या मराठी चित्रपटांची निर्मितीही केली आणि त्याच समूहाच्या वाहिनीने मराठी चित्रपटांना पारितोषिकेही दिली. ‘सैराट’ चांगला होता की नव्हता हा येथे प्रश्न नाही. एकाच घरातील मंडळी वधू-वर दोन्ही पक्षांकडून बसली तर देण्याघेण्याच्या याद्या कोणी तपासावयाच्या, हा प्रश्न आहे.

मराठी चित्रपटाची योग्यता उणी आहे म्हणून हे चालते असेही नाही. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले ते ‘श्यामची आई’ला. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर आचार्य अत्र्यांनी केलेला तो चित्रपट १९५३ चा. त्यानंतर ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ असे सुवर्णकमळाचे मानकरी मराठीत झाले. त्यातील ‘कोर्ट’चा प्रवास पाहण्याजोगा आहे. गटारात उतरलेल्या कामगाराच्या मृत्यूला लोकशाहिराचे गाणे जबाबदार धरून त्या शाहिराला न्यायालयात खेचले जाते, अशी त्याची कथा. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते. २०२१ मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला. हा चित्रपट सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. मार्च २०१५ मध्ये त्याला सुवर्णकमळ जाहीर झाले. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहात तो लागला १७ एप्रिल २०१५ रोजी. ज्यांच्या जगण्यावर तो बेतला त्यांचा नंबर सर्वांत शेवटी. त्याच महिन्यात राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांना मोक्याच्या वेळी मराठी चित्रपट लावण्याची सक्ती जाहीर केली आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारापासून रात्री नऊपर्यंत ताणून सैल केली. पडदा मिळाला, पण त्यावर काय लागावे हे पुन्हा वितरकानेच ठरविले.

आणि ज्यांना पडदाच मिळत नाही त्यांचे काय? आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ चौदा वर्षांच्या चित्रीकरणातून २०११ मध्ये उभा राहिला. १९९७ च्या रमाबाई आंबेडकर नगरातील गोळीबारापासून सुरू होणारा हा माहितीपट वस्त्या-वस्त्यांतून लोकांनी पाहिला. ‘आठवडाभर चित्रपटगृहात चालला पाहिजे’ अशी पात्रता लावणाऱ्या कोणत्याही यादीत अशा कृतीला जागा कशी मिळणार?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप वाहिन्यांचे समर्थक घेतात: समीक्षक कशाला हवेत, प्रेक्षकांनाच मत देऊ द्या, हीच खरी लोकशाही. लोकशाहीचे हे अचानक आलेले उमाळे तपासून घ्यावेत. एक माणूस एक मत हे तत्त्व संदेशांच्या मतदानात पाळले जाते काय? ज्याने पाचांपैकी एकच चित्रपट पाहिला तो तुलना कशाची करणार? आणि मुख्य म्हणजे, ते पाच ठरविले कोणी? उमेदवारी मालकाने द्यावी आणि मतदान जनतेने करावे, याला लोकशाही म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याच गोटातला आहे आणि तो अधिक गंभीर आहे. शेतकरी गळफास घेत असता, कंत्राटी कामगाराला किमान वेतन मिळत नसता, नट-नट्यांच्या बक्षिसांची चर्चा पक्षाच्या पत्राने का करावी? या आक्षेपाला उत्तर चळवळीच्या इतिहासातच आहे. निळू फुले आणि दादा कोंडके राष्ट्र सेवा दलाच्या मुशीतून आले. सहकारी साखर कारखान्याच्या सम्राटाला ‘सामना’त पडद्यावर उघडे केले ते त्याच निळू फुल्यांनी, आणि तो चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात गेला. ज्या चळवळीने कलापथके घेऊन खेडी तुडविली तिने चित्रपट हा आपला विषय नव्हे म्हणणे हा शुद्ध विसराळूपणा आहे. कष्टकऱ्याने काय पाहावे, कोणती गोष्ट चांगली म्हणावी आणि कोणती त्याच्यापर्यंत येऊच नये, हे ठरविण्याची सत्ता ही सत्ताच असते. आपण ती मोजली नाही म्हणून ती नाहीशी होत नाही.

काय करावयास हवे

तेव्हा मागणी आणखी एका पारितोषिकाची नाही. मागणी मराठी समीक्षकांच्या अशा संघटनेची आहे जी आधी संघटना असेल आणि मग पारितोषिके देईल. तिची कलमे पुढीलप्रमाणे असावीत.

पहिले, निर्मात्याकडून प्रवेशिका मागवू नयेत. वर्षभरात प्रमाणपत्र मिळालेल्या सर्व मराठी चित्रपटांची यादी हाच नामांकनाचा पाया असावा, आणि प्रदर्शित न झालेली कृती व माहितीपट यांनाही त्यात जागा असावी. ‘ब्राझील’चा धडा हाच आहे.

दुसरे, संघटनेचा खर्च सदस्यांच्या वर्गणीतून व वाचक-प्रेक्षकांच्या देणगीतून चालावा. निर्माता, वाहिनी, जाहिरात कंपनी यांचा पैसा नको. समारंभ लहान झाला तर होऊ द्यावा. शाळेच्या सभागृहातही पारितोषिक देता येते.

तिसरे, मते उघड असावीत. अमेरिकेची राष्ट्रीय समीक्षक संघटना पहिल्या तिघांना मिळालेले गुण प्रसिद्ध करते. मराठी संघटनेने कोणी कोणाला मत दिले हेही सांगावे.

चौथे, नामांकन आणि निकाल यांमधील काळ जाहिरातीसाठी न वापरता चित्रपट दाखविण्यासाठी वापरावा. मुंबईत १९६८ साली निघालेल्या प्रभात चित्र मंडळाने आणि ठिकठिकाणच्या फिल्म सोसायट्यांनी चांगला चित्रपट सभासदांच्या वर्गणीवर दाखविण्याची वाट घालून दिली आहे. ती वाट तालुक्याच्या गावापर्यंत, कामगार वस्तीपर्यंत न्यावी. येथे पक्षाच्या कार्यकर्त्याचे काम सुरू होते: सभागृह मिळविणे, लोक जमविणे, चित्रपटानंतर चर्चा घडविणे. जो चित्रपट तालुक्याच्या प्रेक्षकाने पाहिला नाही तो त्या प्रदेशाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरू नये.

पाचवे कलम सर्वांत महत्त्वाचे. ज्या चित्रपटाने आपल्या कामगारांची मजुरी थकविली त्याला नामांकन नाही. दिवाबत्तीवाले, रंगभूषा करणारे, सेट उभारणारे सुतार, गर्दीतले कलावंत यांच्याशी लेखी करार व्हावा असा कायदा संसदेने १९८१ मध्ये केला. २०२० मध्ये तो कामगार संहितांपैकी एकीत विरघळविण्यात आला. कायदा जेथे पोहोचत नाही तेथे समीक्षकांचा नकार पोहोचू शकतो. कामगार संघटनांकडून थकबाकी नसल्याचा दाखला आल्याखेरीज चित्रपट यादीत घेऊ नये. एका वृत्तपत्राच्या समीक्षकांसाठी चार संघटना डिस्नेला अपात्र ठरवू शकतात, तर मजुरी बुडालेल्या सुतारासाठी एक मराठी संघटना एका निर्मात्याला अपात्र का ठरवू शकत नाही? आणि तसे ठरविताना कलेचा अपमान होतो असे कोणी म्हणेल, तर त्याला विचारावे की, बुडविलेल्या मजुरीवर उभारलेल्या सेटने कलेचा कोणता सन्मान होतो?

या पाचांपैकी एकही कलम सरकारी आदेशाची वाट पाहणारे नाही. वर्गणी देणारे वीस-पंचवीस समीक्षक आणि सभागृह मिळवून देणारे तितकेच कार्यकर्ते एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पहिल्या वर्षी वृत्तपत्रे दखल घेणार नाहीत, निर्माते हसतील, तारे-तारका येणार नाहीत. पण ज्या दिवशी एखादा निर्माता यादीतून नाव गळू नये म्हणून थकलेली मजुरी चुकती करील, त्या दिवशी नामांकनाच्या किल्ल्या पहिल्यांदा दुसऱ्या कमरेला लागतील.